मामाचं नोसोत्रोस

माझ्या मामाला 'तू' म्हणता येत नाही. म्हणजे मला, धाकट्या भावाला, गच्चीवर येणाऱ्या मांजराला तो खुशाल तू म्हणतो. प्रश्न गाडीत बसल्यावर सुरू होतो. मामाचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि शिकवायच्या गाडीत बसला की त्याच्या तोंडात एकच शब्द असतो, आपण. "आता आपण आरसा बघतो. आता आपण हळूच क्लच सोडतो. आपण अजिबात घाबरत नाही." शेजारी बसलेला माणूस घामाने निथळत असतो, स्टिअरिंग असं धरून बसलेला असतो की कुणी हिसकावून नेईल, पण आपण घाबरत नाही. एखाद्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी मामाचा आवाज चढत नाही. "आपण जरा वर आलो," तो म्हणतो. "काही हरकत नाही, आता आपण खाली उतरू."

ही सवय तो घरीही घेऊन येतो. "आपण चहा टाकूया का?" असं तो खुर्चीत बसल्या बसल्या विचारतो. मामी म्हणते, "आपण म्हणजे मी, हे मला लग्नानंतर आठवडाभरात कळलं." एकदा तो म्हणाला, "आपण पडदे धुवायला काढूया." तेव्हा मामीने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आपणच काढा, आपणच धुवा आणि आपणच वाळत घाला!" मामाने खरंच काढले. धुवायला मात्र मीच होते.

त्याचं स्कूल म्हणजे एक खोली. एका बाजूला झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा, त्यामुळे रस्त्याचे नियम शिकवताना मधूनमधून कानात किर्रर्र होत राहतं. टेबलावर प्लायवूडच्या फळीवर रंगवलेला एक चौक आहे आणि त्यावर खेळण्यातल्या मोटारी. त्यातल्या एकीचं चाक निखळलंय, तिला मामा 'नापास' म्हणतो. सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं. अर्ध्या गावाला त्यानेच शिकवलंय, आणि त्याच्या हातचे लोक रस्त्यावर ओळखू येतात. छान चालवतात, गिअर लोण्यासारखा टाकतात, फक्त थांबताना जरा उशीर करतात. मामाचे विद्यार्थी परीक्षेत पहिल्या खेपेला हमखास नापास होतात, दुसऱ्या खेपेला बहुतेक होतात, आणि मग कुठेतरी धडपडत, घाबरत, स्वतःच शिकतात. मामाच्या मते याला कारण एकच, परीक्षा घेणारे साहेब खडूस आहेत.

मी स्पॅनिश शिकवते. फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा वर्ग असतो. खाली फर्निचर ठोकत असतात, वर मी क्रियापदं ठोकत असते. मला राग लवकर येतो हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

तर एका संध्याकाळी मी वर्गात शिरले आणि पहिल्या बाकावर मामा. केस नीट विंचरलेले, खिशाला पेन, समोर कोरी वही.

"काय रे? मामी बरी आहे ना?" मी दारातूनच विचारलं.

"बरी आहे, बरी आहे. मी शिकायला आलोय," मामा म्हणाला. "मला सगळं नको. मला फक्त मी, तू, तो, ती शिकव. बाकीचं मी बघून घेतो."

"भाषा अशी सुटी मिळत नाही, मामा."

"अगं ठके, ऐक तर." मला या नावाने हाक मारायला त्याला कितीदा बंदी केलीय. मागच्या बाकावरचे दोघे लगेच हसले. "फिरव, थांबव, गिअर टाक, हे सगळं मला हातांनी दाखवता येतं. पण कोणी, ते नाही ना दाखवता येत! मी समोर बोट केलं तर तिला वाटतं आपल्यालाच पुढे जायला सांगितलं. परवा मी सांगत होतो, 'तो ट्रक वळतोय', तर हिने आपलीच गाडी वळवली. थेट बेकरीच्या दारात. बेकरीवाला म्हणाला, मास्तर, पाव घरपोच करतो की, एवढं आत कशाला येता?"

ही 'ती' म्हणजे सिस्टर. आमच्या दवाखान्यात बाळंतपणं करायला समुद्रापलीकडून आलेली नर्स, वयाने माझ्याहून थोडी मोठी, स्पॅनिश बोलणारी. दवाखान्यातले डॉक्टर तिच्याशी इंग्रजीत बोलतात. मामाचं इंग्रजी क्लचपासून सुरू होऊन हॉर्नपाशी संपतं. मराठी तिला येतं, पण ते सगळं बाळंतिणीच्या खोलीत शिकलेलं. "श्वास घ्या", "थांबा", "जोर लावा", "झालं, झालं, थोडंच राहिलं". याच्या पलीकडे नाही.

सिस्टरला लायसन्स हवं होतं, आणि ते हौसेसाठी नव्हतं. दवाखान्याने तिला नवं काम दिलं होतं, डोंगरापलीकडच्या वस्त्यांमध्ये गाडी घेऊन जायचं आणि बायकांची बाळंतपणं घरी जाऊन करायची. त्यासाठी गाडी स्वतः चालवता यायला हवी. ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर वर्षभर परीक्षा देता येणार नव्हती, आणि वर्षभर ते काम काही तिची वाट बघत बसणार नव्हतं. काम गेलं की इथे राहायची परवानगीही जाणार. म्हणजे चंबूगबाळं आवरून परत.

"दोन्ही वेळा का नापास झाली?" मी विचारलं.

"साहेबांना त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला." शिकवायच्या आणि परीक्षेच्या गाडीत दुसऱ्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. परीक्षेत तो साहेबांना दाबावा लागला की विषय संपला. "साहेब फटाफट बोलतात, तिला कळत नाही. भाषेचा घोळ आहे सगळा. माझ्या गाडीत बघ तू, थांबताना एकदाही चुकत नाही. कशी अलगद थांबते गाडी!"

मी त्याला वर्गात घेतलं. घेतलं म्हणजे काय, तो उठायलाच तयार नव्हता.

मामासारखा विद्यार्थी मी जन्मात पाहिला नाही, आणि परत पाहायची इच्छाही नाही. त्याने सर्वनामं पाठ केली ती गाडीच्या जागांवरून. स्वतःची सीट म्हणजे यो, मी. चालवणाऱ्याची सीट म्हणजे तू. हे आपल्यासारखंच निघालं म्हणून त्याला कोण आनंद झाला. पुढची गाडी एल, तो. मागची गाडी एया, ती. आसपासची सगळी रहदारी म्हणजे एयोस, ते. आणि आपली अख्खी गाडी, आतल्या माणसांसकट, नोसोत्रोस, आपण. हा शब्द ऐकला आणि मामाचा चेहरा असा उजळला की जणू परगावी घरचं माणूस भेटलं.

"त्यांच्यात आम्ही आणि आपण एकच?" त्याने विचारलं.

"एकच. फक्त सगळ्या बायका असल्या तर नोसोत्रास. त्यात एक जरी पुरुष आला तरी नोसोत्रोस."

"दहा बायका आणि एक पुरुष?"

"तरी नोसोत्रोस."

मामाने हे घरी जाऊन मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "म्हणजे तिकडेही तसंच का!" आणि फोडणीचा आवाज मोठा केला.

मग 'तू' वर गाडी अडली. परक्या, शिकलेल्या बाईला तू कसं म्हणायचं? मी त्याला आदराचा शब्द दिला, उस्तेद. तो दोन दिवस घोकत होता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ठके, हे जमायचं नाही. उस्तेद म्हणेपर्यंत चौक मागे पडतो." शेवटी सिस्टरनेच निरोप पाठवला की मास्तरांनी तू म्हणावं, तिला आवडेल. मामा त्या दिवशी लाजला. मी पाहिलंय, कान लाल झाले होते.

एवढं होऊनही तो एका जागी अडकायचा तो अडकायचाच. मी वर्गात खुर्च्यांची गाडी मांडली. मी चालवणारी, तो शेजारी. मी हवेत स्टिअरिंग फिरवत स्पॅनिशमध्ये विचारायचे, वळतंय कोण? मामा म्हणायचा, नोसोत्रोस. आरसा कोण बघतंय? नोसोत्रोस. ब्रेक कोण दाबतंय? नोसोत्रोस. वर्ग खिदळत होता, आणि मी मात्र तापत चालले होते.

"मामा, पेडल एक, त्यावर पाय एक. नोसोत्रोस कसा दाबणार? एकमेकांच्या मांडीवर बसून?"

"तुला गाडीतलं कळत नाही," मामा शांतपणे म्हणाला. "गाडीत शिकवणारा आणि शिकणारा वेगळे नसतात. वेगळे झाले की शिकणारा घाबरतो."

"मला तू-यो म्हणून दाखव, नाहीतर घरी जा!" मी खरंच ओरडले. शिक्षिकेने असं ओरडू नये, पण शिक्षिकेला मामा असतो तेव्हा नियम वेगळे.

"बरं बाई. चल, चालव," तो म्हणाला. मी पुन्हा हवेत स्टिअरिंग धरलं आणि मुद्दाम तोंडाने म्हटलं, "आला चौक!" माझा पाय मी हलवलाच नव्हता. पण शेजारच्या खुर्चीपुढे फरशीवर चर्रकन आवाज झाला. मी खाली पाहिलं. मामाचा उजवा पाय पुढे गेला होता आणि बूट फरशीत रुतायचा तेवढा बाकी होता. मामाचा चेहरा मात्र अगदी निर्मळ होता. त्या पायाचा आणि त्याचा काही परिचयच नसावा असा.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तेव्हापासून.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी हट्टाने त्यांच्या गाडीत मागे बसले. दुभाषी म्हणून आले असं सांगितलं. सिस्टर चालवायला, मामा शेजारी. मामाची स्पॅनिश आणि सिस्टरचं मराठी यांच्या जोरावर गाडी निघाली, आणि खरं सांगते, मला मागे तोंडात ओढणी कोंबून बसावं लागलं. चढ आला की मामा म्हणायचा, "तू... जोर लावा, जोर लावा!" सिस्टर अॅक्सिलरेटर दाबायची आणि वर पोचलो की म्हणायची, "झालं, झालं." समोरून बस आली की मामा ओरडायचा, "एल! एल!" बस तो की ती यावर त्याने बराच विचार करून निर्णय घेतलेला असावा. सिस्टर गंभीरपणे मान हलवायची. हात तिचे सुंदर होते, स्टिअरिंगवर शांत. एकदम भरवशाचे. मला तर पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, ही बाई नापास होते कशी?

मग शाळेपुढचं झेब्रा क्रॉसिंग आलं. मी दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून बसले होते.

"थांबा," मामा म्हणाला.

गाडी थांबली. अलगद, दुधावरची सायही हलू नये तशी. सिस्टरचा पाय ब्रेकच्या वर होता. वर म्हणजे चक्क वर, टेकलेला नव्हे. आणि मामाचा बूट त्याच्या बाजूच्या ब्रेकवर पूर्ण दाबलेला. त्याच्या पायाखालच्या मॅटला तर टाचेएवढं भोक पडलं होतं.

"ब्रेक कोणी दाबला?" मी आधी स्पॅनिशमध्ये आणि मग मराठीत विचारलं.

"मी," सिस्टर म्हणाली. अगदी खात्रीने.

"तिने," मामा म्हणाला. तोही खात्रीने.

आणि दोघंही खोटं बोलत नव्हते हो! मी पुढच्या चौकात परत पाहिलं, मग भाजीवाल्यापाशी, मग सिग्नलला. दर वेळी 'थांबा' म्हणायच्या आधी मामाचा पाय जायचा, गाडी थांबायची, आणि सिस्टरचा पाय मागाहून जाऊन थांबलेल्या गाडीचा ब्रेक दाबायचा. शब्द तिला पक्का माहीत होता. तिच्या मराठीतला पहिल्या दिवसाचा शब्द तो. भाषेचा घोळ कसला, डोंबल! बाईने आजवर गाडी थांबवलीच नव्हती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सांगितलं.

"माझा पाय?" मामा आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. "माझा पाय जागेवर असतो. उगाच काहीतरी बोलू नकोस."

"मॅटकडे बघ, मामा!"

त्याने खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला. त्याचं काय झालं ते मला कळत होतं. धंदा सुरू केला त्याच वर्षी एका विद्यार्थ्याने गाडी न्हाव्याच्या दुकानात घातली होती. आत एक गिऱ्हाईक गालांना फेस लावून बसलेलं, ते तसंच उठून रस्त्यावर पळालं. लागलं कुणाला नाही, फुटला तो फक्त आरसा. गाव अजून हसतं. मामाही हसतो, पण मामी सांगते की तेव्हा तो दोन दिवस गाडीला हात लावायला तयार नव्हता. त्यानंतर त्याचा पाय जो पेडलवर गेला तो राहिलाच. कुणी सांगितलं नाही, त्याने ठरवलं नाही, पाय आपला कामाला लागला. आणि मग त्याच्या विद्यार्थ्यांना एकदाही दचका बसला नाही, त्यामुळे मास्तरांच्या गाडीत कधी काही होत नाही असा लौकिक झाला. कसं होणार?

"काय झालं?" सिस्टर विचारत होती. "तुम्ही का भांडताय?"

मी तिला तिच्या भाषेत सगळं सांगितलं. ती आधी माझ्याकडे, मग मामाच्या बुटाकडे पाहत राहिली. मला वाटलं रडेल. ती चिडली. लालबुंद झाली.

"म्हणजे मी काहीच केलं नाही? इतके दिवस? मला वाटत होतं मला येतंय!" तिने स्टिअरिंगवर हात आपटला, तर हॉर्न वाजला आणि तीच दचकली. "माझ्या कामात पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितेय? हात मागे बांधून उभी राहा. बाई जे करतेय ते तिला करू दे. तू लवकर हात घातलास की तिचं बिघडतं. मास्तरांना सांग हे."

मी सांगितलं. मामाने रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत खिशात ठेवला. मला त्याची एवढी कणव आली की मघाचा सगळा राग विरघळला. मी काहीतरी गोड बोलणार, तेवढ्यात सिस्टर त्याच्याकडे वळली. तिने मराठी शोधलं. तिच्याकडे होतं तेवढंच मराठी, आणि ते तिने बाळंतिणीच्या खोलीतल्या त्या ठाम आवाजात काढलं.

"मास्तर, पाय वर घ्या."

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

"पाय वर घ्या," सिस्टर पुन्हा म्हणाली. "श्वास घ्या."

आणि माझ्या मामाने, अर्ध्या गावाच्या मास्तराने, बूट काढले आणि पुढच्या सीटवर चक्क मांडी घातली. मोजे वेगवेगळ्या रंगांचे होते. पट्टा त्याच्या पोटावर होता, हात गुडघ्यांवर, आणि मोठा श्वास त्याने खरंच घेतला.

पहिलं थांबणं भयंकर झालं. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या पार पुढे जाऊन इतक्या जोरात थांबली की मी मागच्या सीटवरून खाली आले. रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांनी काठी उगारली. मामाचा उजवा पाय मांडीतून निसटून पुढे झेपावला होता, तो त्याने दोन्ही हातांनी घोट्याला धरून परत वर ओढला.

"यो नाही," तो पुटपुटला. मग सिस्टरकडे बघून, बोट न दाखवता, हळूच म्हणाला, "तू."

दुसरं थांबणं जरा बरं. तिसऱ्या वेळी ती इतकी आधी थांबली की मागच्याने शिव्या घातल्या. दर वेळी ब्रेक दाबताना ती मोठ्याने म्हणायची, "यो!" मी मागून तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या भाषेत हे म्हणायची गरज नसते, आपल्यासारखंच. क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं कोण ते. पण कुणी आपला वाटा घेऊन जातंय असं वाटलं की म्हणतात. ती म्हणत राहिली. मामा मांडी घालून, डोळे किलकिले करून, दर वेळी मान डोलवत राहिला, आणि घामाने त्याचा शर्ट सीटला चिकटला. त्या आठवड्यात रोज तो असाच बसला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "मास्तर, गाडीत ध्यानाला बसता का हल्ली?" मामा म्हणाला, "हो, फार अवघड आहे."

मला त्याची खरी ताकद त्या आठवड्यात दिसली. मी असते तर पाय बांधून घ्यावा लागला असता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलो. साहेब आले, खडूस अजिबात वाटले नाहीत, साधे सर्दी झालेले गृहस्थ होते. सिस्टर त्यांच्या गाडीत बसली. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

तिची खोली मी पाहिली होती, दवाखान्याच्या मागची, खिडकीत तिने लावलेली रोपं, कपाटावर सूटकेस. ती सूटकेस खाली काढावी लागू नये एवढंच मला हवं होतं. आत कुणीतरी खुर्ची ओढली तरी आम्ही दोघं वळून बघत होतो.

"ते शाळेपुढचं क्रॉसिंग आलं असेल आता," मामा शेवटी म्हणाला.

"मामा, ती थांबवेल."

"थांबवेल," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, ते त्याने लपवले नाहीत. "एवढ्या लोकांना शिकवलं गं मी. एकाला तरी शिकवलं का?"

मी त्याचा हात धरला.

गाडी आली. दारापाशी हळू झाली, रेषेच्या अलीकडे थांबली. सिस्टर उतरली ती पळतच. साहेब मागून शिंकत उतरले आणि मामाला म्हणाले, "मास्तर, या बाईंनी मला पाय हलवायची वेळच येऊ दिली नाही. हे नवीनच तुमच्याकडचं." आत जाऊन त्यांनी शिक्का मारला. सिस्टरने मला मिठी मारली, मग मामाला मारली, मामाचे कान पुन्हा लाल झाले. तिला तिची कुठलीच भाषा आठवेना. "झालं," ती म्हणत होती. "झालं, झालं."

परत निघताना ती मामाच्या गाडीशी गेली आणि तिने किल्लीसाठी हात पुढे केला. मामाने किल्ली दिली. मी सवयीने मागचं दार उघडायला गेले, तर मामानेच ते उघडलं आणि तो मागे जाऊन बसला. "तू बस पुढे," मला म्हणाला. मी बसले. माझ्या पायाशी ते भोक पडलेलं मॅट होतं आणि तो दुसरा ब्रेक. मी पाय जवळ ओढून घेतले.

सिस्टर छान चालवत होती. आम्ही दोघी हलक्या आवाजात बोलत होतो, त्या वस्त्यांबद्दल, पहिल्या बाळंतपणाला कधी जायचं त्याबद्दल. आमची गल्ली जवळ आली तशी तिने इंडिकेटर दिला. तेवढ्यात मामीचा फोन आला.

"काय झालं गं? पास?"

"पास, मामी!"

"देवा! आणि हे कुठायत? ह्यांना दे फोन."

मी मागे वळून पाहिलं. मामाचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. रस्त्यातल्या खड्ड्यावर डोकं काचेला आपटलं तरी तो हलला नाही.

"मामी, तो झोपलाय."

"झोपलाय? कुठे?"

"गाडीत. मागे."

"चालत्या गाडीत?" मामीचा आवाज बदलला. "अगं, लग्नानंतर आम्ही माझ्या माहेरी निघालो होतो, रात्रभर बस होती. हे रात्रभर जागे. ड्रायव्हरचं लक्ष आहे ना, एवढंच बघत होते. आजपर्यंत एकदाही डोळा लागला नाही कुठल्या गाडीत. घोरतायत का?"

"थोडं."

"मग घरी आणू नकोस," मामी म्हणाली. "तिला सांग, जरा लांबून फिरवून आण."

मी सिस्टरला सांगितलं. तिने आरशात मागे पाहिलं, दिलेला इंडिकेटर बंद केला, आणि आमची गल्ली मागे टाकून गाडी सावकाश पुढे नेली.